मत्स्यशेतीची विद्या आणि विद्यार्थ्यांचा चरितार्थ

सात वर्षांपूर्वी ऐन जून महिन्यात एक सेवानिवृत्त गुरुजी आपल्या नातवाला घेऊन आमच्याकडे आले. मुलगा बारावीला शास्त्र शाखेतून बऱ्या गुणांनी उत्तीर्ण झाला होता. वैद्यकीला त्याचा नंबर लागला नव्हता. मत्स्यविज्ञानाच्या पदवीला मात्र प्रवेश मिळत होता. गुरुजींनी चहाचा पेला बाजूला ठेवून सरळ विचारले, "मासे पाण्यात आपोआप वाढतात. ते वाढवायला चार वर्षे कॉलेज कशाला? आणि शिकून पुढे हा करणार काय?" मुलगा खाली मान घालून बसला होता.

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर आम्ही तेव्हाच देऊ शकलो. दुसऱ्याचे देताना आमची जीभ जरा अडखळली, हे कबूल केले पाहिजे. या व्याख्यानमालेत बोलण्याचे निमंत्रण आले तेव्हा आम्हांला पहिल्याने आठवण झाली ती त्या अडखळण्याची. म्हणून येथे मत्स्यशेतीचे सर्वांगीण दर्शन घडविण्याच्या भानगडीत न पडता ही दोनच उत्तरे थोडी नीट मांडावी असे योजले आहे.

मासा आपोआप वाढतो ही समजूत नदी-समुद्रातल्या माशाच्या बाबतीत एके काळी खरी होती. मनुष्याने फक्त जाळे टाकावे आणि ओढावे. परंतु समुद्रातून काढता येईल तेवढे आपण काढून चुकलो आहोत. जगातील पकड कित्येक वर्षे जवळजवळ एकाच जागी थबकलेली आहे, आणि खाणारी तोंडे वाढत आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या आकड्यांप्रमाणे २०२२ साली जगात पाळून वाढविलेल्या मासे, कोळंबी, शिंपले इत्यादी जलचरांचे उत्पादन ९ कोटी ४४ लाख टन झाले आणि ते पकडलेल्या जलचरांच्या उत्पादनाहून प्रथमच अधिक भरले. शिकारीकडून शेतीकडे जाण्याचा जो प्रवास धान्याच्या बाबतीत मनुष्याने हजारो वर्षांपूर्वी केला, तो माशांच्या बाबतीत आपल्या डोळ्यांदेखत होत आहे. या शेतीत चीनच्या पाठोपाठ भारताचा क्रमांक लागतो.

आता शेती म्हटली की बियाणे आले. आपल्या तळ्यांत वाढणारे कटला, रोहू आणि मृगळ हे मासे मुळात वाहत्या नदीचे. पावसाळ्यात पूर आला म्हणजे ते अंडी घालतात. तळ्याच्या स्थिर पाण्यात वर्षानुवर्षे ठेवले तरी घालीत नाहीत. म्हणून पूर्वी मत्स्यबीज नद्यांच्या पुरातून गाळून घ्यावे लागे. त्यात हव्या त्या माशांबरोबर नको ती, एकमेकांना खाणारी जातही येई. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात, म्हणजे आजच्या ओडिशात, अंगुल येथे डॉ. हिरालाल चौधुरी आणि त्यांचे सहकारी के. एच. अलिकुन्ही यांनी माशाच्याच मेंदूखालील पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना बंदिस्त पाण्यात अंडी घालावयास लावले. त्या दिवसाची आठवण म्हणून आपल्याकडे १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन पाळतात. एका टोचणीने नदीच्या पुरावरचे अवलंबित्व सुटले. ही गोष्ट आम्ही गुरुजींना सांगितली तेव्हा नातवाने प्रथमच मान वर केली.

बीज मिळाले तरी काम संपत नाही. खरे म्हणजे तेथून ते सुरू होते. तळे वरून शांत दिसते, पण त्याचा दिवस आणि त्याची रात्र यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते. आपण ज्या हवेत श्वास घेतो तिच्या एका लिटरमध्ये अडीचशे मिलिग्रॅमहून अधिक प्राणवायू असतो. चांगल्या तळ्याच्या एका लिटर पाण्यात तो असतो अवघा पाच ते आठ मिलिग्रॅम. एवढ्याशा शिध्यावर माशाचा संसार चालतो. दिवसा पाण्यातील सूक्ष्म हिरव्या वनस्पती सूर्यप्रकाशात प्राणवायू तयार करतात आणि दुपारी पाणी समृद्ध होते. रात्री त्याच वनस्पती मासळीच्या बरोबरीने तो वापरू लागतात. तळाशी साचलेले उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजताना आणखी प्राणवायू खातात. पहाटे चार ते सहाच्या सुमारास शिल्लक सर्वांत कमी असते. ती तीन मिलिग्रॅमच्या खाली गेली की मासे अन्नावरची वासना सोडतात, आणखी खाली गेली की पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडी करून धापा टाकतात. त्यातच ओळीने दोन-तीन दिवस आभाळ राहिले तर दिवसाची जमाच होत नाही, आणि खर्च मात्र नेहमीसारखा चालू राहतो. तळे दिवाळखोर होते, आणि ते एका पहाटेत होते.

अनुभवी माणूस यासाठी कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवून पाहतो. तळवा दिसेनासा झाला तर पाणी फाजील हिरवे झाले. खाद्य आणि खत थांबवावे. आभाळ आले की खाद्य निम्मे करावे किंवा बंद ठेवावे. पहाटे मासे वर आले तर पंप लावून तेच पाणी उंचावरून तळ्यात पाडावे. याला मोठी विद्वत्ता लागत नाही, पण पहाटे चार वाजता तळ्यावर असावे लागते. पुस्तकात हा सगळा मजकूर एका आलेखात असतो आणि विद्यार्थी तो परीक्षेत बिनचूक काढतो.

या आलेखाची किंमत आम्हांला एका महाविद्यालयात कळली. नाव सांगण्यात हशील नाही. शेवटच्या वर्षाच्या सहा मुलांना एक तळे वाटून दिले होते. गणपतीच्या सुटीत सगळी घरी गेली. जाताना रखवालदाराच्या हाती तक्ता दिला : रोज इतके किलो खाद्य. तीन दिवस झड लागली होती. रखवालदाराने इमानेइतबारे तक्त्याप्रमाणे खाद्य टाकले. चौथ्या दिवशी सकाळी तळे पांढरे दिसत होते. मुले परतली तेव्हा मेलेले मासे खड्ड्यात पुरून झाले होते, आणि विभागात एक प्रस्ताव तयार होता की या तळ्याचे गुण सरासरीने द्यावेत व विषय मिटवावा. आम्ही त्याला हरकत घेतली. सहाही जणांना एकेकटे बसवून काय झाले ते लिहावयास लावले आणि त्या लिखाणाला गुण दिले. एकाने रखवालदाराला दोष दिला. दोघांनी पावसाला दिला. एका मुलीने लिहिले, की तक्त्यात आभाळासाठी रकाना नव्हता आणि तक्ता मी केला होता. त्या तळ्याने त्या वर्षी एक रुपया दिला नाही. तरी आमच्या समजुतीने त्या वर्गातले सर्वांत मोलाचे तास तेच होते.

यावरून आमचे एक मत बनले आहे आणि तेच या लेखाचे सांगणे आहे. मत्स्यशेतीत विद्यार्थ्याला उभे करावयाचे असेल तर त्याच्या हाती एक तळे, एक वही आणि एक संपूर्ण हंगाम दिला पाहिजे; नफा झाला तर त्यातला वाटा आणि तोटा झाला तर त्याचा जबाब, दोन्ही त्याचे. अभ्यासक्रमात अनुभवाधारित शिक्षणाची आणि ग्रामीण अनुभवाची तरतूद नाही असे नाही. कागदावर ती चांगली आहे. परंतु विद्यापीठाचे सत्र आणि माशाचा हंगाम यांची गाठ पडत नाही. बीज सोडायचे जुलै-ऑगस्टमध्ये, मासा काढायचा फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि मध्ये परीक्षा, सुट्या, सत्रबदल. एका तुकडीने सोडलेला मासा दुसऱ्या तुकडीने मोजावा, असा प्रकार होतो. पेरणाऱ्याने कापणी पाहिलीच नाही तर त्याला शेतकरी कसे म्हणावे?

आता 'शाश्वत' या शब्दाविषयी दोन शब्द. आमच्या पिढीने हा शब्द कीर्तनात ऐकला; आता तो सरकारी परिपत्रकात भेटतो. आम्ही विद्यार्थ्यांना त्याचा अर्थ साधा सांगतो. या तळ्यात या वर्षी मासा पिकला तसा दहा वर्षांनीही पिकावा, शेजारच्या विहिरीचे पाणी गोडच राहावे, आणि या पाण्यावर पूर्वीपासून पोट भरणारा माणूस उपाशी पडू नये. यांतील एकही गोष्ट सुटली तर बाकीचा हिशेब कितीही सुंदर असो, तो खोटा.

हा अर्थ आपल्या देशाने फार महाग विकत घेतला आहे. १९९० नंतरच्या चार-पाच वर्षांत पूर्व किनाऱ्यावर कोळंबीची लाट आली. भातशेती आणि खाडीकाठची जमीन खणून तळी झाली, एका तळ्याचे घाण पाणी पुढच्या तळ्याच्या तोंडी जाऊ लागले, कोळंबीची दाटी वाढत गेली. १९९४-९५ मध्ये पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणुरोग आला आणि तळीच्या तळी काही दिवसांत रिकामी झाली. गावोगावच्या विहिरी खारट झाल्याच्या तक्रारी घेऊन तमिळनाडूतील सर्वोदयी कार्यकर्ते जगन्नाथन सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९९६ मध्ये न्यायालयाने किनारा नियमन क्षेत्रातील कोळंबीची तळी, पारंपरिक पद्धतीची सोडून, बंद करण्याचा निकाल दिला. पुढे २००५ मध्ये किनारी जलसंवर्धन प्राधिकरणाचा कायदा झाला. २००९ पासून व्हेनामी ही परदेशी कोळंबी आली ती मात्र परवान्याने. तिची रोगमुक्त जनक-कोळंबी चेन्नईच्या विलगीकरण केंद्रातून तपासूनच पुढे जाते. ज्यांनी त्या लाटेत पैसा घातला त्यांत अडाणी थोडे होते; दाटी किती करावी, हे सांगणारे मात्र त्यांच्याजवळ कोणी नव्हते, किंवा असले तरी त्याचे ऐकण्याची गरज कोणाला वाटली नाही.

नॉर्वेची उलट गोष्ट आम्ही वर्गात मुद्दाम सांगतो. तेथल्या सामन माशाच्या शेतीत १९८७ साली सुमारे ५० टन प्रतिजैविके वापरली गेली. मग माशाला लस टोचण्याची पद्धत बसली, आणि उत्पादन कित्येक पटींनी वाढूनही हा आकडा आज वर्षाला एका टनाच्याही खाली आहे. समुद्री उवांचा त्यांचा त्रास अजून सुटलेला नाही, तेव्हा नॉर्वे म्हणजे स्वर्ग असे समजू नये. पण लस शोधणारा, ती टोचणारा, माशाचे शवविच्छेदन करणारा, पाण्याचा नमुना तपासणारा, अशी कितीतरी माणसे त्या धंद्याला लागली. संयमालाही नोकऱ्या असतात, हे विद्यार्थ्यांना येथे दिसते.

आता गुरुजींचा दुसरा प्रश्न : पुढे करणार काय?

आपल्या राज्यात रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून आहे; नागपूर आणि उदगीर येथेही मत्स्यविज्ञानाची महाविद्यालये आहेत. मुंबईला वर्सोव्यात १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था पदव्युत्तर शिक्षण देते. या मुलांपैकी बहुतेकांच्या टेबलावर शेवटच्या वर्षी पाण्याचे थर्मामीटर दिसत नाही, स्पर्धापरीक्षेची पुस्तके दिसतात. मत्स्यव्यवसाय खात्याची जागा निघेल, बँकेत कृषि अधिकाऱ्याची परीक्षा देता येते, ती देऊ. यात त्यांना दोष देणार नाही. ज्या घरात पहिलाच पदवीधर आहे त्याला महिन्याच्या पगाराचे मोल ठाऊक असते. पण खात्याच्या जागा मोजक्या, जाहिराती वर्षावर्षाने निघणाऱ्या, आणि तोवर शिकलेले हात विसरत जातात. खाद्य-कंपन्यांत, कोळंबीच्या बीज-केंद्रांत, निर्यातीच्या तपासणी प्रयोगशाळांत नोकऱ्या आहेत. त्या बऱ्याच अंशी आंध्रात आणि गुजरातेत आहेत, आणि तेथे गेलेली आमची मुले चांगले नाव काढून आहेत. घराजवळ राहून काही करावयाचे म्हणणाऱ्याला मात्र वाट स्वतःच पाडावी लागते. ती कोठे पडू शकते, हे सांगण्यासारखे आहे.

देशावर गेल्या काही वर्षांत शेततळी झाली. '२०१६ नंतर तर 'मागेल त्याला शेततळे' या योजनेने त्यांची संख्या फारच वाढली. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तळाला प्लास्टिकचा कागद. शेतकऱ्याने ते डाळिंबासाठी किंवा द्राक्षासाठी केले. पाणी आहे तर मासेही सोडू म्हणून त्याने कोणाकडून तरी पिशवीभर जिरे आणून सोडले. दोन महिन्यांनी जाळे टाकले तर काही नाही. शेतकरी म्हणतो, मासा आपल्याला लाभत नाही. वास्तविक जिरे म्हणजे अंड्यातून निघून तीन-चार दिवस झालेले, जिऱ्याच्या दाण्याएवढे पिल्लू. बेडूक, पाणकिडे, पक्षी, कोणीही त्याला खातो. शेततळ्यात सोडायची असते बोटुकली, बोटभर लांबीची. आणि बोटुकली हवी तेव्हा, हवी तेवढी मिळत नाही.

येथेच पहिली वाट आहे. जिरे आणून लहान, नीट तयार केलेल्या तळ्यांत त्यांची बोटुकली करणे हे अडीच-तीन महिन्यांचे काम. त्याआधी तळ्यातले नको ते मासे काढायला विदर्भात मोहाची पेंड मुबलक मिळते. ती एका हेक्टरला सुमारे अडीच हजार किलो टाकली की जुने मासे मरतात, दोन-तीन आठवड्यांनी तिचे विष उतरते आणि मागे खतच राहते. या कामाला जागा थोडी लागते, भांडवल बेताचे लागते, आणि लक्ष मात्र अहोरात्र. पहिल्या पंधरवड्यात निम्मी जिरे जगली तरी शाबासकी द्यावी. हे लक्ष हीच पदवीधराची पुंजी. पुढे काही बोटुकली हिवाळाभर अर्धपोटी ठेवून वर्षाची केली तर ती पुढच्या पावसाळ्यात झपाट्याने वाढते आणि तिला भावही येतो.

दुसरी वाट हिशेबाने पाहावी. ३० गुणिले ३० मीटरचे तळे म्हणजे ९०० चौरस मीटर. हेक्टरी पाच हजार या बेताच्या दाटीने त्यात साडेचारशे बोटुकली बसते. शंभरातली ऐंशी जगली तर ३६०. प्रत्येकी पाऊण किलो धरली तर २७० किलो मासा. खाद्याचा खर्च एकूण खर्चाच्या निम्म्याहून अधिक असतो, तो वजा जाता एका शेततळ्यावर कोणाचे घर चालणार नाही. शेतकऱ्याचे तर मुळीच नाही, आणि त्याने ते जोडधंद्याइतकेच मानावे. पण पंचवीस शेततळ्यांची देखरेख एकाच पदवीधराने घेतली, बीज त्याने पुरविले, आठवड्याला पाणी तपासले, महिन्याला जाळे टाकून वजन घेतले, उन्हाळ्यात बागेला पाणी लागण्यापूर्वी मासा काढून विकून दिला आणि उत्पन्नात ठरलेला वाटा घेतला, तर गणित बदलते. पशुवैद्य जसा गावोगाव फिरतो तसा हा फिरेल. अशी काही मुले आम्हांला ठाऊक आहेत. पहिली दोन वर्षे त्यांचा दुचाकीचा खर्चही निघाला नाही, हेही सांगून ठेवतो. त्या दोन वर्षांची सोय कोणी करील तर मुलगा टिकतो.

तिसरी वाट अवघड आहे आणि आम्हांला ती सर्वांत महत्त्वाची वाटते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा तलावांचा मुलूख. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या माणसांनी उतार पाहून बांधलेले हे तलाव पुढे मालगुजारांकडे आले. १९५० नंतर मालगुजारी गेली आणि ते सरकारजमा झाले. कागदोपत्री 'माजी मालगुजारी तलाव', लोकांच्या तोंडी 'मामा तलाव'. त्यांत मासेमारी करतो धीवर समाज, आपल्या सहकारी संस्थांमार्फत, ठेक्याने पाणी घेऊन. गेल्या काही दशकांत या तलावांत मोठ्या जातींचे बीज सोडण्यावरच भर राहिला. गाळ साचला, बेशरमाची झुडपे माजली, पाणवनस्पती गेल्या, आणि मरळ, शिंगी, मागूर यांसारख्या मूळच्या माशांची संख्या खालावली. काही गावांत धीवर स्त्री-पुरुषांनीच मिळून बेशरम उपटली, देशी पाणवनस्पती लावल्या आणि गेलेले मासे परत येताना पाहिले.

अशा ठिकाणी पदवीधराने ठेका स्वतःच्या नावे करण्याची स्वप्ने पाहू नयेत; तसे करील तर तो दुसऱ्याच्या ताटातले ओढील. त्याने संस्थेचा चाकर म्हणून जावे. एका म्हाताऱ्या धीवराने आमच्या विद्यार्थ्यांना काठावर उभे करून पाण्यातली लालसर पिल्लांची हलती चकती दाखविली आणि तिच्याखाली पहारा करणारी मरळीची जोडी ओळखायला शिकविले. "ह्या जोडीला हात लावला तं वरची पिल्लं पोरकी होतात," तो म्हणाला. मरळ पिल्लांची राखण करते हे मुलांनी पाठ्यपुस्तकात वाचले होते. पाहिले कोणीच नव्हते. उलट त्या संस्थेला किती बोटुकली सोडली, किती निघाली, पैसा कोठे गेला याची वही कोणी ठेवून दिलेली नव्हती, आणि बँकेला व खात्याला ती हवी होती. दोन्ही बाजूंना एकमेकांचे काहीतरी हवे होते. एका विद्यार्थिनीने तेथे वर्षभर राहून वही घातली. तिचा पगार संस्था पहिल्या सहा महिन्यांत देऊ शकली नाही. नंतर बीजाच्या खरेदीत जे वाचले त्यातून दिला.

विद्यार्थिनींचे नाव निघाले म्हणून सांगतो. मत्स्यविज्ञानाला मुली आता बऱ्याच येतात आणि वहीच्या कामात त्या मुलांच्या पुढे असतात, असा आमचा अनुभव आहे. पण बीज-केंद्राचे काम रात्रीचे आणि प्राणवायूचा प्रश्न पहाटेचा. रात्रीच्या पाळीला मुलींना पाठवायचे नाही असा अलिखित नियम पुष्कळ ठिकाणी आहे, आणि तो काळजीपोटी केला असे सांगतात. मग नोकरीच्या वेळी मालक विचारतो, रात्रीचा अनुभव आहे का? तळ्याकाठी दिवा, कडी लागणारी एक खोली आणि दोघींची जोडी, एवढ्याने ही अडचण सुटते. ज्या एका ठिकाणी हे केले तेथे पाळी चुकविणारे कोण होते, ते सांगत नाही; मुली नव्हत्या.

कोकणाविषयी थोडक्यात. तेथे तिवरांच्या वनांना २००५ च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर कडक संरक्षण मिळाले आणि २०१२ मध्ये राज्याने त्यांच्यासाठी स्वतंत्र कांदळवन कक्ष काढला. तिवर न तोडता खाडीत खेकडे पाळणे, दोरीवर हिरवे शिंपले किंवा कालवे वाढविणे असे उद्योग गावातल्या गटांनी सुरू केले आहेत. शिंपल्याला खाद्य घालावे लागत नाही, तो पाणी गाळून जगतो. केरळात कासरगोडकडे स्त्रियांच्या गटांनी या धंद्यात चांगला जम बसविला. विद्यार्थ्यांसाठी येथे तपासनिसाचे काम आहे, कारण शिंपला पाण्यातले चांगले-वाईट दोन्ही गाळून पोटात ठेवतो.

आणि एक इशारा. २०२० साली प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना आली. तीत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के आणि स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान ठेवले. योजना उपयोगाची आहे. पण अनुदान पाहून टाक्या विकत घेणारे पुष्कळ निघाले. बायोफ्लॉक नावाच्या पद्धतीत छोट्या टाकीत फार दाट मासा ठेवतात आणि हवा अखंड सोडावी लागते. वीज गेली आणि जनित्र सुरू झाले नाही तर बघता बघता सगळे आटोपते. 'घरच्या अंगणात लखपती' अशी चित्रफीत पाहून वडिलांच्या निवृत्तिवेतनातून अशा टाक्या घेणारा एक मुलगा आम्हांला माहीत आहे. आज त्या टाक्यांत जनावरांचे पाणी साठवतात. शिकणाऱ्याने पहिल्या वर्षी स्वतःचा पैसा घालू नये. दुसऱ्याच्या तळ्यावर पगारी किंवा बिनपगारी, पण पूर्ण हंगाम काढावा.

व्याख्यानानंतर श्रोत्यांतून एका व्यापारी गृहस्थांनी विचारले, की यात आम्ही नगरवासी काय करणार? त्यांना त्याच वेळी जे उत्तर दिले तेच येथे देतो. आपल्यापैकी पुष्कळांची शेते आहेत आणि त्यांतल्या काहींत शेततळी आहेत. एक शेततळे एका विद्यार्थ्याला एका हंगामासाठी द्या, बीजाचा व खाद्याचा खर्च घाला, करार दोन ओळींचा का होईना पण लेखी करा, आणि तोटा झाला तर त्याच्यावर न ओरडता त्याची वही वाचा. नागरी बँकांच्या संचालकांपैकी कोणी येथे असतील तर त्यांनी तारणाऐवजी ती वही मागण्याचा प्रयोग करून पाहावा. खाणाऱ्यांनी मासळीबाजारात हा मासा कोठला, कोणत्या तळ्याचा, एवढे विचारावे. पहिले महिनाभर कोळीण हसेल, मग तीही घाऊक व्यापाऱ्याला विचारू लागेल. गृहस्थ म्हणाले, आमचे शेततळे आहे पण आम्ही माळकरी. आम्ही म्हटले, मग मत्स्यबीज वाढवू द्या, ते कोणी खात नाही. सभेत हशा झाला. गृहस्थांनी मात्र मागाहून येऊन तळ्याची मापे एका चिठ्ठीवर लिहून दिली.

गुरुजींचा नातू पदवी घेऊन तीन वर्षे झाली. मधले एक वर्ष त्याने स्पर्धापरीक्षेत घालविले, एक आंध्रातल्या कोळंबीच्या केंद्रावर. गेल्या पावसाळ्यापासून तो गावाजवळ चार लहान तळी खंडाने घेऊन बोटुकली करतो. पहिल्या खेपेची जवळजवळ सगळी जिरे पाणकिड्यांनी खाल्ली, दुसरी जगली. या व्याख्यानाला गुरुजींना बोलाविले होते, त्यांचे पत्र आले. प्रकृतीमुळे येणे होत नाही. नातूही येऊ शकत नाही, कारण तळी सुकवून चुना टाकण्याचे काम चालू आहे आणि जुलैत जिरे यायची आहेत. पत्राच्या शेवटी त्यांनी विचारले आहे, आभाळ आले तर खाद्य निम्मे करायचे की अगदी बंद? नातू सांगतो ते त्यांना खरे वाटत नाही, म्हणून आम्हांला विचारले. आम्ही उलट टपाली कळविले आहे : पहाटे पाणी पाहून ठरवावे.